चिल्ड बीममधील हवेचे प्रमाण आणि वेग : समायोजनाच्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर

कामाचा आवाका आज निश्चित झाला. एका खुल्या कार्यालयीन मजल्यावर सक्रिय प्रकारचे चिल्ड बीम, म्हणजे थंड पाण्याच्या कॉइलने खोलीतली हवा गार करणारी सीलिंगमधली लांबट उपकरणे, तीन समांतर रांगांत बसवलेली आहेत. काचेच्या दर्शनी भिंतीलगतची रांग अ, मधली ब आणि आतल्या मार्गिकेकडची क. दोन रांगांमधील अंतर तीन मीटर आहे आणि फॉल्स सीलिंग जमिनीपासून २.७ मीटरवर आहे. प्रत्येक बीम १.८ मीटर लांबीचा असून दोन्ही बाजूंनी हवा सोडतो. संकल्पनेनुसार प्रत्येक बीमला २० लिटर प्रति सेकंद प्रायमरी हवा (मुख्य फॅनकडून डक्टने येणारी ताजी हवा) १६ अंशांवर मिळायला हवी, आणि कॉइलला १५ अंशांचे पाणी.

तक्रारींचे स्वरूप एकसारखे नाही. अ आणि ब या रांगांच्या मधोमध बसणाऱ्यांच्या मानेवर गार झोत येतो, तर मजल्याच्या टोकाकडे बसणाऱ्यांना दुपारी उकडते. देखभाल विभागाने यावर मुख्य फॅनचा वेग एकदा कमी आणि एकदा जास्त करून पाहिला आहे. दोन्ही वेळा एका गटाची तक्रार थांबली आणि दुसऱ्याची वाढली, यात नवल नाही. हवेचे प्रमाण आणि माणसाला जाणवणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच बटणाने दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला की असेच होते.

यंत्राची रचना पुढील नोंदींसाठी थोडक्यात लिहून ठेवतो. प्रायमरी हवा बीमच्या प्लेनममध्ये (हवा साठणाऱ्या बंद पेटीत) दाबाखाली येते आणि बारीक नोझलमधून वेगाने बाहेर पडते. त्या झोतामुळे खोलीतली हवा कॉइलमधून वर ओढली जाते आणि दोन्ही मिळून सीलिंगला चिकटून बाजूंना पसरतात. ओढली जाणारी हवा प्रायमरीच्या साधारण तिप्पट ते पाचपट असते. म्हणजे २० लिटर दिले की खोलीत फिरणारी हवा सहज ८० ते १२० लिटर प्रति सेकंद होते. प्लेनममध्ये १०० पास्कल दाब असताना नोझलच्या तोंडाशी वेग जवळपास १३ मीटर प्रति सेकंद असतो, आणि माणसाच्या मानेपाशी तोच ०.२ च्या खाली यावा अशी अपेक्षा असते. ही सगळी घट काही मीटरच्या वाटेत घडवून आणायची असल्यामुळे वाटेतला प्रत्येक अडथळा महत्त्वाचा ठरतो.

५ सप्टेंबर

मोजणीला सुरुवात केली. सक्रिय बीमवर फ्लो हूड (तोंडावर धरून हवा मोजणारे टोपडे) लावून हवा मोजण्याचा मोह टाळावा लागतो. हूड बीमच्या तोंडावर बसवला की बाहेर पडणारी मिश्र हवा आणि आत ओढली जाणारी हवा यांची गल्लत होते, शिवाय हूडचा अडथळा ओढण्याची क्रियाच बदलून टाकतो. म्हणून प्रत्येक बीमच्या दाबबिंदूला सूक्ष्म मॅनोमीटरची नळी जोडून प्लेनमचा स्थिर दाब घेतला. निर्मात्याच्या तक्त्यातील के-गुणांक २.० आहे. दाबाच्या वर्गमुळाला त्याने गुणले की हवेचे प्रमाण लिटर प्रति सेकंदात मिळते. हा गुणांक १.२ किलो प्रति घनमीटर घनतेच्या हवेसाठी दिलेला असतो. समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवरच्या इमारतीत घनतेची दुरुस्ती करावी लागते, येथे तशी गरज नाही.

उभ्या डक्टजवळच्या बीममध्ये १३२ पास्कल आणि शेवटच्या बीममध्ये ५८ पास्कल आढळले. प्रमाणात सांगायचे तर एकीकडे २३ लिटर आणि दुसरीकडे १५.२ लिटर प्रति सेकंद. दाबात सव्वादोनपटीहून जास्त फरक असूनही प्रमाणात तो दीडपटच दिसतो, कारण संबंध वर्गमुळाचा आहे. म्हणूनच दाब तपासणे ही येथे अधिक बोलकी चाचणी आहे. आधीच्या अहवालात सर्व बीमसमोर २०.० हा आकडा दशांशासकट एकसारखा लिहिलेला आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांमध्ये इतकी एकवाक्यता कधीच नसते, तेव्हा तो आकडा आराखड्यावरून उतरवलेला आहे असे धरून चाललो.

९ सप्टेंबर

वेगाला हात लावण्यापूर्वी प्रमाण जागेवर आणणे आवश्यक होते, त्यामुळे आजचा दिवस बॅलन्सिंगमध्ये गेला. सर्वात कमी हवा मिळणारा बीम संदर्भ मानून त्याचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा ठेवला आणि बाकीचे डॅम्पर त्याच्या प्रमाणाशी जुळेपर्यंत एकेक करून बंद करत नेले. त्यानंतर फॅनच्या व्हीएफडीवरून (वेग बदलणाऱ्या विद्युत नियंत्रकावरून) डक्टचा स्थिर दाब बदलून सगळ्यांना एकत्रच संकल्पित प्रमाणावर आणले. ही पद्धत डक्टच्या कामात जुनीच आहे. बीमच्या बाबतीत तिचा फायदा असा की शेवटच्या बीमसाठी सगळ्या यंत्रणेचा दाब वाढवावा लागत नाही.

डक्टच्या शेवटच्या फांदीवर मात्र डॅम्पर पूर्ण उघडूनही हवा कमीच भरत होती. सीलिंगचे पॅनेल काढल्यावर लवचिक डक्टचा जोड क्लॅम्पमधून निसटून अर्धवट उघडा पडलेला दिसला. त्याच्या आसपास पॅनेलच्या मागच्या बाजूला थंड हवेने जमलेल्या धुळीचा काळपट पट्टा उमटला होता. जोड पुन्हा चढवून क्लॅम्प आवळल्यावर, दुसरे काहीही न बदलता, त्या बीमचा दाब २० पास्कलहून अधिक वाढला. दिवसअखेर सर्व बीम ९६ ते १०५ पास्कल या पट्ट्यात आले, म्हणजे १९.६ ते २०.५ लिटर प्रति सेकंद.

एक बाब पुढील कामासाठी टिपून ठेवतो. काही ठिकाणी डॅम्पर बीमच्या मुखाला अगदी खेटून बसवलेला आहे. तेथे प्लेनममधील दाब दोन टोकांना सारखा नसतो आणि डॅम्पर आवळला की सूं असा आवाज येतो. अशा बीमवर जास्तीचा दाब फांदीच्या सुरुवातीच्या डॅम्परवर टाकला आणि मुखाजवळचा डॅम्पर शक्य तितका उघडा ठेवला.

१३ सप्टेंबर

प्रमाण जुळल्यावर उकाड्याची तक्रार जवळपास मिटली. गार झोताची तक्रार मात्र तशीच राहिली. आज वेगाचा नकाशा केला.

मोजणी करताना तीन पथ्ये पाळली. पहिले, अ‍ॅनिमोमीटर सर्व दिशांनी संवेदनशील असलेला, गरम गोलकाचा वापरला. पात्याचा अ‍ॅनिमोमीटर इतक्या मंद आणि दिशा बदलणाऱ्या हवेत निरुपयोगी आहे. दुसरे, प्रत्येक बिंदूवर तीन मिनिटांची सरासरी घेतली आणि सरासरीसोबत विचलनही नोंदवले. तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे, खोलीत उष्णतेचा पूर्ण भार असताना आणि पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाच मोजले. रिकाम्या खोलीत, संगणक बंद आणि व्हॉल्व्ह मिटलेला असताना घेतलेले आकडे सुंदर येतात, पण त्यांना अर्थ नसतो. कॉइल थंड असली की झोत जड होतो आणि लवकर खाली येतो. माणसे आणि यंत्रे यांच्यावरून उठणारी गरम हवा त्याला आणखी इकडे-तिकडे ढकलते. जेथे खुर्च्या रिकाम्या होत्या तेथे विजेचे दिवे लावलेली पत्र्याची नळकांडी ठेवून माणसाएवढा भार उभा केला.

बसलेल्या व्यक्तीसाठी ०.१, ०.६ आणि १.१ मीटर या उंचींवर मोजणी केली. अ आणि ब यांच्या मधोमध, १.१ मीटरवर, सरासरी वेग ०.२२ मीटर प्रति सेकंद, हवेचे तापमान २३.० अंश आणि प्रक्षुब्धता (वेगातील चढउतार) ४० टक्के आली. आयएसओ ७७३० या औष्णिक आरामाच्या आंतरराष्ट्रीय मानकातील सूत्रात हे आकडे घातले की झोताने त्रास होणाऱ्यांचे अपेक्षित प्रमाण सुमारे २३ टक्के येते. हे सूत्र डेन्मार्कचे पोव्ल ओले फँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या प्रारूपावर आधारलेले आहे. त्यात वेगासोबत हवेची चंचलताही धरलेली आहे आणि तो मानेपाशी होणाऱ्या त्रासाचा अंदाज आहे. पावलांपाशी तेच सूत्र लावले तर त्रास वाजवीपेक्षा जास्त दिसतो. याच मानकातील आरामाच्या ब वर्गासाठी (या वर्गांचा रांगांच्या नावांशी संबंध नाही) मर्यादा २० टक्के आहे, म्हणजे ही जागा क वर्गात घसरते. बीमच्या थेट खाली मात्र वेग ०.१२ च्या पुढे गेला नाही.

हा शेवटचा आकडा तक्रारदारांना पटवणे अवघड जाते. बीमच्या खाली बसलेला माणूस सुरक्षित असतो आणि दोन बीमच्या मध्ये बसलेल्याला झोत लागतो, ही गोष्ट मनाला उलटी वाटते. धुराची नळी घेऊन ती डोळ्यांनी दाखवली. अ रांगेच्या आतल्या कडेला सोडलेला धूर सीलिंगला चिकटून दीड मीटर सरळ गेला, समोरून येणाऱ्या ब रांगेच्या झोताला भिडला, क्षणभर घोटाळला आणि पडद्यासारखा सरळ खाली टेबलावर उतरला. त्यानंतर बीमची तोंडे पुठ्ठ्याने बंद करण्याची मागणी कोणी केली नाही.

१८ सप्टेंबर

उपाय ठरवण्यासाठी अ-४ या बीमवर तुलनात्मक चाचणी घेतली. प्रश्न साधा होता. हवा २० वरून १६ लिटरवर आणायची असेल तर ती डॅम्पर आवळून आणावी की नोझल कमी करून?

डॅम्परने आणली तर के-गुणांक २.० च राहतो आणि दाब ६४ पास्कलवर उतरतो. नोझल बंद करून गुणांक १.६ केला तर दाब १०० पास्कलच ठेवून तेवढीच हवा मिळते. कागदावर दोन्ही १६ लिटरच आहेत. पण नोझलच्या तोंडाशी पहिल्या प्रकारात वेग १०.३ मीटर प्रति सेकंद असतो आणि दुसऱ्यात १२.९. खोलीतली हवा ओढण्याचे काम झोताच्या संवेगावर चालते आणि तो संवेग हवेचे प्रमाण गुणिले वेग इतका असतो. म्हणजे तेवढ्याच प्रायमरी हवेत डॅम्परचा मार्ग पाचव्या भागाने दुबळा पडतो.

प्रत्यक्षात तसेच दिसले. कॉइलमधून ०.०५ लिटर प्रति सेकंद पाणी ठेवले होते. मूळ स्थितीत पाण्याच्या तापमानातील फरक २.० अंश, म्हणजे सुमारे ४१८ वॅट होता. डॅम्पर आवळल्यावर तो १.७ अंशांवर, म्हणजे ३५५ वॅटवर आला. नोझल कमी करून तो १.९ अंश, म्हणजे ३९७ वॅट राहिला. अशा मोजणीत अंशाच्या दहाव्या भागाचीही किंमत पाच टक्के असते, म्हणून एकमेकांशी जुळवलेली तापमापकांची जोडी वापरली आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबलो.

वेगाच्या बाबतीत डॅम्परचा मार्ग आणखी निराशाजनक ठरला. दुबळा झोत सीलिंगला धरून राहण्याइतका वेगवान नव्हता. तो बीमपासून मीटरभर अंतरावरच सुटून खाली आला, त्यामुळे मधली जागा थोडी निवळली आणि बीमच्या बाजूचे टेबल नव्याने त्रासात आले. सीलिंगलगत वाहणारा झोत आणि पृष्ठभाग यांच्यातील कमी दाबामुळे झोत वर धरून ठेवला जातो. रुमानियाचे अभियंते आन्री कोआंडा यांच्या नावाने ओळखला जाणारा हाच परिणाम. तो वेगावर पोसला जातो. झोत सौम्य करण्याच्या नादात वेगच काढून घेतला तर थंड हवा आपल्या वजनाने पडते आणि अशी पडणारी हवा जास्त बोचते. देखभाल विभागाने फॅन मंद केल्यावर काही टेबलांवर तक्रार वाढली होती, त्याचा उलगडा येथे झाला.

२३ सप्टेंबर

नोझल कमी करण्याचे ठरल्यावर कोणत्या बाजूचे हा प्रश्न उरला. या बीममध्ये दोन्ही बाजूंच्या नोझलच्या ओळी स्वतंत्र आहेत आणि प्रत्येकीचा गुणांक १.० आहे. अ रांगेत आतल्या बाजूच्या नोझलमध्ये निर्मात्याच्या रबरी टोप्या बसवून त्या बाजूचा गुणांक ०.६ केला आणि काचेकडची बाजू १.० वरच ठेवली. बेरीज १.६. टोप्या सलग न बसवता ओळभर सारख्या वाटून लावल्या. सलग लावल्या तर झोतात खिंडार पडते आणि उरलेला भाग आधीइतकाच जोरात राहतो.

यातून दोन गोष्टी साधल्या. समोरासमोर भिडणाऱ्या झोतांचा एकत्रित जोर घटला. शिवाय दुबळा झोत मागे रेटला जात असल्याने भिडण्याची जागा टेबलांवरून सरकून अ रांगेकडच्या चालण्याच्या पट्ट्यावर गेली, जेथे कोणी बसत नाही. ब रांगेची हवा मुद्दाम कमी केली नाही, कारण तिला दोन्हीकडच्या टेबलांचा भार उचलावा लागतो. त्याऐवजी तिच्या दिशादर्शक पट्ट्या पंख्यासारख्या फाकवल्या, म्हणजे मधल्या पट्ट्या सरळ आणि टोकांकडच्या क्रमाक्रमाने बाहेर वळवलेल्या. तीच हवा रुंद क्षेत्रावर पसरली की वेग लवकर विरतो. टोकांच्या पट्ट्या ४५ अंशांच्या पुढे वळवू नयेत असे निर्मात्याचे मार्गदर्शन होते. ते पाळले, कारण शेजारच्या बीमच्या फाकलेल्या झोताशी नवी धडक उभी राहण्याचा धोका असतो.

टोप्या बसवल्यावर अ रांगेने कमी हवा घेतली आणि इतर बीमचा दाब आठ-दहा पास्कलने चढला. डक्टच्या स्थिर दाबाचा निर्धारित बिंदू खाली आणून सगळे पुन्हा १०० च्या आसपास आणले. फॅनची वीज फिरण्याच्या वेगाच्या घनात बदलत असल्याने ही छोटी घटही वायफळ नाही.

३० सप्टेंबर

क-२ बीमच्या एका बाजूला धूर सीलिंगला चिकटतच नव्हता. तोंडापासून साठ सेंटीमीटरवर सीलिंगच्या खाली लोंबणारी लांबट दिव्याची पेटी आढळली. झोत तिच्यावर आदळून सरळ खाली वळत होता. दिवा हलवणे शक्य नव्हते, म्हणून त्या पट्ट्यातील दिशादर्शक पट्ट्या दोन्ही बाजूंना वळवून झोत पेटीच्या टोकांवरून काढला. आराखडा जुळवताना बीम आणि दिवे एकाच कागदावर काढले असते तर हे काम उद्भवले नसते.

४ ऑक्टोबर

अ रांगेची हवा कमी केल्याने दमटपणा काढण्याची क्षमता घटली का, याचा हिशेब आज पूर्ण केला. चिल्ड बीमची कॉइल कोरडी चालवायची असते, सगळी आर्द्रता प्रायमरी हवेनेच उचलायची असते. त्यामुळे प्रमाणात केलेला कोणताही बदल दवबिंदूशी (ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊन जमू लागते त्याच्याशी) पडताळल्याशिवाय पक्का मानता येत नाही.

प्रायमरी हवेचा दवबिंदू ११ अंश, म्हणजे तिच्यात किलोमागे ८.२ ग्रॅम बाष्प आहे. प्रत्येक बीमखाली दोन माणसे आणि प्रत्येकाचे ताशी सुमारे ५० ग्रॅम बाष्प धरले. २० लिटरला खोलीतील बाष्प ९.३ ग्रॅमच्या आसपास स्थिरावते आणि दवबिंदू १३ अंश राहतो. १६ लिटरला तो सुमारे साडेतेरा अंशांवर जातो. पाणी १५ अंशांचे आहे, म्हणजे मोकळीक दोन अंशांवरून दीड अंशावर आली. चालेल, पण दाटीची बैठक भरली किंवा बाहेरची दमट हवा दारातून शिरली तर पुरणार नाही. म्हणून पाण्याच्या तापमानाचे नियंत्रण मोजलेल्या दवबिंदूशी बांधले. दवबिंदू चढला की पाणी त्याच्या किमान एक अंश वर राखले जाईल. पुरवठ्याच्या पाइपवर, जेथे पाणी सर्वात थंड असते, तेथे ओल ओळखणारा संवेदक होताच. त्याची जोडणी तपासून, ओला कपडा लावून व्हॉल्व्ह खरोखर मिटतो याची खात्री केली.

ताज्या हवेचे प्रमाण १६ लिटरला माणशी ८ लिटर प्रति सेकंद राहते. त्याखाली अ रांग नेऊ नये अशी नोंद नियंत्रण पत्रकावर केली.

९ ऑक्टोबर

दुपारी काच तापलेली असताना अ रांग पुन्हा पाहिली. तापलेल्या काचेवरून वर चढणारी गरम हवा बीमच्या बाहेरच्या झोताला समोरून भेटते. आतल्या बाजूबरोबर बाहेरची बाजूही कमी केली असती तर हा गरम लोंढा झोताला मागे लोटून टेबलांवर वळवू शकला असता. पूर्ण जोराचा झोत काचेपर्यंत पोहोचून तिच्यालगत खाली उतरला. काचेपासून अर्ध्या मीटरवर वेग ०.२४ मिळाला, परंतु तो भाग वावराच्या क्षेत्रात धरलेला नाही आणि तेथे टेबल नाही. पुढे कोणी काचेलगत खुर्च्या मांडल्या तर हा आकडा आधी पाहावा लागेल.

१५ ऑक्टोबर

पूर्ण भारावर अंतिम मोजणी केली. अ आणि ब यांच्या मधल्या टेबलांवर १.१ मीटर उंचीला सरासरी वेग ०.१५ मीटर प्रति सेकंद, तापमान २३.५ अंश आणि प्रक्षुब्धता ४० टक्के आली. त्रासाचे अपेक्षित प्रमाण साडेतेरा टक्के, म्हणजे ब वर्गात निर्धास्त. प्रक्षुब्धता बदलली नाही हे लक्षात घेण्यासारखे आहे. मिश्र वायुवीजनात हवा ढवळलेलीच असते, त्यामुळे सुधारणा वेग आणि तापमान यांतूनच काढावी लागते. एका टेबलावर ०.१८ मिळाले. तेथे वरचा फाकवलेला झोत खांबाला घासून उतरतो. त्या बाजूच्या दोन पट्ट्या सरळ केल्यावर आकडा ०.१६ वर आला, आणि तेथेच थांबलो. त्याहून खाली जाण्यासाठी हवा कापावी लागली असती आणि दुपारच्या भाराला ती पुरली नसती.

डॅम्परच्या दांड्यांवर स्थितीच्या खुणा करून स्क्रू आवळले. प्रत्येक बीमच्या आतल्या बाजूला दाब, के-गुणांक आणि कोणत्या बाजूच्या किती नोझलवर टोप्या आहेत हे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. गुणांक बदलल्याची नोंद नसेल तर पुढच्या वेळी कोणीतरी १०० पास्कलला २.० ने गुणून २० लिटर लिहील आणि आर्द्रतेचा सगळा हिशेब चुकेल.

देखभाल विभागाकडे दोन कामे सोपवली. एएचयूचे (प्रायमरी हवा तयार करून पुरवणाऱ्या मुख्य यंत्राचे) फिल्टर बदलल्यावर डक्टचा स्थिर दाब निर्धारित बिंदूवर परत येतो का हे प्रत्येक फांदीच्या एका बीमवर दाब घेऊन पाहायचे. तसेच कॉइलवरची धूळ वर्षातून एकदा मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने काढायची, कारण कॉइल तुंबली तर प्रायमरीचे आकडे बिनचूक राहूनही ओढली जाणारी हवा घटते आणि प्लेनमच्या दाबावरून ते कळत नाही. क रांगेकडील बैठकीच्या खोल्यांत माणसे आल्यावरच हवा वाढवणारे डॅम्पर बसायचे आहेत. ते बसल्यावर किमान आणि कमाल अशा दोन्ही स्थितींत वेगाचा नकाशा पुन्हा करावा लागेल. किमान स्थितीचा आधी, कारण दाब उतरल्यावर झोत सीलिंग सोडतो तो तेथेच.